सोलापुरात भाड्यासाठी पहिलं घर घेणाऱ्या आपल्या मुलांना

प्रति,
पुण्याला, हैदराबादला नोकरी करून सोलापुरात भाड्यानं देण्यासाठी पहिलं छोटं घर घेऊ पाहणाऱ्या गावच्या सगळ्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते आणि तुम्ही गावी येता. नंदीध्वजांचं दर्शन होतं, परतीच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी जाते, आणि मधल्या एखाद्या दुपारी एजंटाच्या गाडीवर मागं बसून तुम्ही घरं बघून येता. यंदा त्यातले तिघं माझा सल्ला घ्यायला घरी आले होते. तिघांचा पहिला प्रश्न एकच होता, "काकू, भाडं किती येईल?" पाणी किती दिवसांनी येतं, हे एकानंही विचारलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मुलांनो, जानेवारीत सोलापुरातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. हवा गार, भिंती वाळलेल्या, दिवाळीचा रंग अजून ताजा. तेच घर मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की वेगळं असतं, आणि सप्टेंबरात चार दिवस झड लागली की आणखी वेगळं. तुम्ही कित्येक तासांवर राहता. त्या घरात मे आणि सप्टेंबर काढणारं माणूस दुसरंच असतं.

ते दुसरं माणूस मी होते. साखर पेठेतल्या एका वाड्यात, भाड्याच्या एका खोलीत मी वाढले. खोली दहा बाय बारा, माणसं सात. वडील गिरणीत, आई दाराशी सूप घेऊन बसायची आणि दिवसाला हजार विड्या वळायची. वर माळवद, म्हणजे मातीचं छत. मृगाचा पाऊस लागला की ते गळायचं, वडील मालकांकडं जायचे, मालक म्हणायचे, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर पाऊस नसायचा, त्यामुळं गळतीही नसायची, आणि पुढच्या मृगाला आई पुन्हा पातेली मांडायची. त्या मालकांचा मला फार राग होता. पुढं स्वतः मालकीण झाल्यावर कळलं, की आमच्या भाड्यातून माळवदाची माती बदलण्याइतकेही पैसे त्यांच्या हाती पडत नव्हते. चूक गळतीच्या आधी, हिशेबात झालेली होती. तुम्हीही तिथंच चुकाल अशी मला भीती वाटते, म्हणून आधी हिशेब.

जुळे सोलापुरातला माझा एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट चोवीस लाखांना घेतला. मुद्रांक आणि नोंदणी धरून तो साडेपंचवीस लाखांवर गेला. (घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बहिणीच्या, आईच्या, बायकोच्या नावाचा विचार त्यासाठी तरी करा.) भाडं सात हजार, म्हणजे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. त्यातून भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना सात हजार, सोसायटीचे नऊ हजार सहाशे, घरपट्टी साडेसहा हजार, नळ-गळती-मोटार-रंग यांचे आठ हजार, विम्याचे बाराशे. उरले एक्कावन्न हजार सातशे. घातलेल्या पैशावर वर्षाला शेकडा दोन रुपये! त्या तिघांपैकी एकजण अठरा लाखांचं कर्ज काढणार होता, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. त्याचा हप्ता साडेपंधरा हजारांच्या वर जातो. भाड्यातून हप्ता सुटेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दर महिन्याला साडेआठ हजार पगारातून घालायची तयारी असेल तर खुशाल घ्यावं, पण तो आकडा आधी बायकोसमोर मांडावा.

नीलमनगर भागातलं माझं जुनं दोन खोल्यांचं घर मात्र अकरा लाखांना पडलं आणि दोन कुटुंबांचं मिळून भाडं सात हजार सहाशे येतं. निम्म्या पैशात जास्त भाडं. पण त्या घरानं माझ्याकडून जितकं काम करून घेतलं, तितकं फ्लॅटनं कधीच घेतलं नाही. लांब राहून असं जुनं घर सांभाळता येत नाही. गावात तुमचं स्वतःचं, रोज तिकडून जाणारं माणूस नसेल तर स्वस्त घराच्या मागं लागू नका.

आता कागद. १९९२ ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं शहरात आली, आणि शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे विकले गेले. त्यावरची घरं स्वस्त मिळतात, कारण कागद अर्धा असतो. नोटरीचा करारनामा आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्वच्छ सांगितलंय. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं खरेदीखत हवं. अशी तुकड्यांवरची घरं, म्हणजे गुंठेवारी, नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ घेता येतो. पण घर नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात असणं वेगळं आणि "फाइल दिलीय, होऊन जाईल" वेगळं. दुसरं वाक्य ऐकलं की उठून या. बाकी सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीचे व्यवहार आणि बोजे यांचा शोध), बांधकाम परवाना, वापर परवाना हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या. एजंटानं आणलेला वकील नको, तुमचा तुम्ही शोधा. घरपट्टीची थकबाकी घरावर बसते, माणसावर नाही. जुन्या मालकाची बाकी तुमच्याच दारात येणार.

कागद चांगला असूनही घर फसवतं, ते खालच्या मातीमुळं. आपल्याकडं काळी माती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. शेतात ती सोनं आहे, पायाखाली ती वैरी आहे. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दिसली तर प्लास्टरची भेग म्हणून सोडू नका. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा पट्टा लावून त्यावर तारीख लिहायची आणि एक ऋतू थांबायचं. पट्टा तडकला तर घर अजून हलतंय. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच झालं.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. नीलमनगरचं घर मी २०१९ साली घेतलं. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळं हौद मोठा हवा. पाच माणसांचं एक कुटुंब, माणशी शंभर लिटर, पाच दिवस, म्हणजे अडीच हजार लिटर. दोन कुटुंबांना पाच हजार. दोन मीटर लांब, दीड रुंद आणि पावणेदोन खोल हौदात सव्वापाच हजार लिटर मावतात. हिशेब अगदी बरोबर केला आणि २०२१ च्या सुरुवातीला हौद बांधला. पण जागा कमी म्हणून तो मागच्या भिंतीला अगदी चिकटून बांधला, आणि गवंडी घाईत होता म्हणून प्लास्टरला नीट पाणीसुद्धा मारलं नाही. टाईल्स, रंग, ओट्याचा ग्रॅनाइट मी उभी राहून निवडला. हौद जमिनीत जाणार, तो कुणाला दिसतोय!

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या खोलीतल्या भाडेकरू अक्का म्हणाल्या, "वहिनी, हौद दोन दिवस आधीच तळाला जातोय." मी त्यांना म्हणाले, "जरा जपून वापरा ना मग." मला आजही ते वाक्य आठवलं की आत कुठंतरी दुखतं. ती बाई घागरी मोजून पाणी वापरणारी, आणि मी तिलाच उधळी ठरवलं. हौद झिरपत होता. वर्षभर ते पाणी पायाखालच्या काळ्या मातीत जात राहिलं आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीला खिडकीपासून जोत्यापर्यंत भेग गेली. बोट जाईल एवढी.

माझ्याकडं घराचा विमा होता. विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, बघून गेले, आणि दावा नाकारला गेला. तेव्हा मी संतापले होते. नंतर पॉलिसी ओळन् ओळ वाचली आणि कळलं, की पाण्याची टाकी किंवा पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान त्यात होतं, हळूहळू झिरपून झालेलं नव्हतं. झीज, ओल, निकृष्ट बांधकाम यांना घराचा विमा नसतोच. जुना हौद मुरूम टाकून बुजवला, भिंतीपासून आठ फुटांवर काँक्रीटचा नवा बांधला, भिंत दुरुस्त केली. दोन लाख दहा हजार गेले. अक्कांची माफी मी त्यांच्या उंबऱ्यात बसून मागितली.

म्हणून विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नव्या मालकांना त्यातलं जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. कर्ज घेताना बँकेत "विमा झालाय" असं सांगतात. तो बहुतेक वेळा तुमच्या जिवाचा असतो, म्हणजे तुम्हाला काही झालं तर कर्ज फिटेल असा. घराचा विमा वेगळा. तो आहे का, कोणत्या नावानं आहे, हे कागद मागून बघा.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं तिच्यात मुळातच आहे. भूकंपाचं ऐकून तुम्ही हसाल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा आमच्या वाड्यातले सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी बोळात उभे होते. मी नाही हसत. तुमच्यासारख्यांना उपयोगाची आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. विम्यातल्या कारणानं घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेल्या भाड्याचीही भरपाई मिळते.

रक्कम ठरवताना घराची बाजारातली किंमत धरायची नाही. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. चटई क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. साडेचारशे चौरस फूट आणि फुटाला अठराशे धरले तर आठ लाख दहा हजार. हप्ता इतका थोडा येतो की तो वाचवण्यात काहीच अर्थ नाही. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी एकदम घेता येते. मात्र भाडेकरूचं सामान तुमच्या विम्यात येत नाही. त्याचा टीव्ही, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं यांचा विमा त्याचा त्यालाच काढावा लागतो, आणि हे त्याला करार करतानाच समजावून सांगणं तुमचं काम आहे.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती पुण्याच्या सल्लागाराला सुचणार नाही. आपल्याकडं घर म्हणजे नुसतं राहायची जागा नाही. खोलीत विड्या वळल्या जातात, युनिफॉर्म शिवले जातात, पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड असतं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं, त्यात लहान मूलही होतं. ती बातमी आठवली की मी दोन्ही घरांच्या दारांकडं बघते. काम चालणार असेल तर सूत आणि कापडाचे गठ्ठे जिन्यात नकोत, आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी, निदान आतून उघडणारी एक खिडकी. सगळ्या खिडक्यांना कायमचे गज ठोकू नका. आणि विमा कंपनीला घराचा खरा वापर लेखी कळवा. यंत्रं चालणार असतील तर घराची पॉलिसी पुरत नाही, छोट्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' वेगळी आहे. लपवलं तर हप्ते भरूनही ऐनवेळी हात रिकामे.

दुरुस्तीला पैसे मोजकेच असतात. ते आधी न दिसणाऱ्या जागी घाला, असं मी हात जोडून सांगते. हौद, स्लॅब, वायरिंग. टाईल्स नंतर. आपल्याकडची शहाबादी फरशी अजूनही सगळ्यात गार आणि टिकाऊ आहे, ती उखडून चकचकीत टाईल्स का बसवतात मला कळत नाही. स्लॅबवर कोबा नीट करून त्यावर पांढरा लेप दिला तर खालची खोली रात्री झोपण्याजोगी होते. तेवढंही परवडत नसेल तर दर मार्चला चुन्याचे दोन हात मारा.

वायरिंगचं तर फारच मनावर घ्या. उन्हाळ्यात घराघरात पत्र्याचा कूलर असतो, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला पोर जातं. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यात करंट उतरतो. जमिनीत नीट अर्थिंग करा आणि मुख्य बोर्डावर तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळाला की तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो जास्तीच्या भारासाठी असतो. दोन खोल्या दोन कुटुंबांना देणार असाल तर महावितरणचे दोन स्वतंत्र मीटर घ्या. एका मीटरवर दोघांचे युनिट एकत्र मोजले की पहिल्या शंभर युनिटांचा कमी दर लवकर संपतो आणि वरचा महाग दर गरिबाच्या माथी बसतो. सबमीटर लावून त्यावर वर पैसे घेणारे मालक मी पाहिलेत. तुम्ही तसं करू नका.

करार नोंदवा. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही," हे महाराष्ट्रात खरं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. वर दंड किंवा कैदही होऊ शकते. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशेबानं, आणि सगळं ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. भाडं रोख घेतलं तरी पावती द्या. भांडण झालं म्हणून नळ किंवा वीज तोडणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे, रागाच्या भरात तिथपर्यंत जाऊ नका. प्राप्तिकरात घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं वेगळी धरली जात नाहीत, त्यामुळं ती बिलं करासाठी नाही, घराचा इतिहास म्हणून जपून ठेवा.

आणि भाडेकरू निवडताना जात, धर्म, भाषा विचारू नका. घरात तेलुगू बोलतात, विड्या वळतात, म्हणून माझ्या आईला तीन घरांनी नकार दिला होता. खरं तर तेलुगू आमच्या शेजारणी बोलायच्या, पण तेवढं ऐकून घ्यायलाही कुणी थांबलं नाही. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीच्या रे नगरमध्ये पंधरा हजार कामगार कुटुंबांना स्वतःच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान् पिढ्या पेठांमधून भाड्यानं राहिलेली माणसं ती. टीव्हीवर बघताना मला आई आठवली आणि मी रडले. ज्यांची पाळी अजून आलेली नाही, ते तुमच्याकडं खोली मागायला येणार आहेत.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. सौदा करण्याआधी मे महिन्यात त्या घरात राहायला या. पाणी सुटलेल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत, चार रात्री. एसी नको, बाटलीबंद पाणी नको. विकणाऱ्याला सांगा, त्या चार दिवसांचं भाडं देतो. दुपारी दोन वाजता स्लॅबखालच्या खोलीत बसा, रात्री पंख्याखाली झोपून बघा, तिसऱ्या दिवशी हौदात काठी घालून पाणी मोजा. शेजारच्या बायकांशी बोला. कुठली भिंत ओली होते, आधीचं बिऱ्हाड का गेलं, नाला कधी तुंबला होता, हे एजंटाला नसेल तेवढं त्यांना माहीत असतं. मग सप्टेंबरात, एखाद्या मोठ्या पावसानंतर, परत एक चक्कर टाका. तोवर बयाणा देऊ नका.

सोबत कुणी जाणतं हवं असेल तर मी येईन. माझ्या दोन्ही घरांचे कागद, पॉलिसी, दुरुस्तीच्या बिलांची वही उघडी आहे, येऊन बघा. नीलमनगरच्या घरी गेलात तर मागच्या खोलीचं दार वाजवा. अक्का अजून तिथंच राहतात. नव्या हौदाच्या झाकणाची किल्ली त्यांच्याकडंच असते, आणि पाणी आलं की फोन त्यांचाच येतो.

तुमची,
साखर पेठेत भाड्यानं वाढलेली एक घरमालकीण
सोलापूर